तिफण की पाभर? तीन घरांचा प्रश्न

गेल्या मंगळवारच्या शब्दकोड्यात आडवा ९ असा होता : ‘पेरणीचे अवजार’, घरं तीन. मी लगेच ‘तिफण’ लिहिलं. परभणीकडच्या कुणालाही विचारा, तोही तेच लिहील. दुसऱ्या दिवशी उत्तर छापून आलं, ‘पाभर’. घरं तितकीच, काम तेच, शब्द मात्र आमचा नाही. सकाळी सकाळी मनाला लागलं.

म्हणून इथे विचारते. तिफण आणि पाभर ही एकाच अवजाराची दोन नावं, की अवजारंच वेगळी? आणि कोड्यात पाभर चालते, तर तिफण का चालत नाही?

एकदाच झालं असतं तर लिहिलं नसतं. ‘पाळी घालण्याचे अवजार’ (पाळी म्हणजे नांगरलेल्या जमिनीची वरवरची मशागत), तीन घरं : मी ‘वखर’ लिहिते, उत्तर ‘कुळव’ येतं. ‘जंगल’, दोन घरं : उत्तर ‘रान’. आमच्याकडे रान म्हणजे शेत. ‘आप्पा कुठं गेले?’ ‘रानात गेले, सोयाबीनला पाणी द्यायला.’ त्यामुळे जंगल म्हटलं की माझा हात ‘वन’कडे जातो. त्यात दोन्ही शब्दांच्या शेवटी ‘न’, म्हणजे त्या घरातला उभा शब्द सुटला तरी रान की वन हे कळत नाही. पहिल्या घरातला उभा शब्द सुटेपर्यंत पेन्सिल धरून बसायचं.

कोडं मी आणि आप्पा मिळून सोडवतो. आप्पा ८६ वर्षांचे. निजामाच्या राज्यात तहतानियात, म्हणजे प्राथमिक शाळेत, उर्दूतून शिकले. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली आणि नंतर त्यांची शाळा मराठी झाली. ते अजून कोड्याला ‘मुअम्मा’ म्हणतात. पेपर आला की हाक येते, ‘मुअम्मा काढ.’ मी आडवे-उभे वाचून दाखवते, ते डोळे मिटून उत्तरं सांगतात. रसना म्हणजे जीभ, रद म्हणजे दात, अनल म्हणजे अग्नी आणि अनिल म्हणजे वारा, हे सगळं मी त्यांच्याकडून शिकले. पण मंगळवारी त्यांनीही ‘तिफण’च सांगितलं होतं. बुधवारी उत्तर वाचून दाखवलं तेव्हा एवढंच म्हणाले, ‘पाभर बी खरंच हाय. पण आपल्या रानात कधी आली नाही.’

हिंगोलीहून

ताई, तिफण आमच्या घरी अजून माळ्यावर आहे, म्हणून सांगतो. तीन फण म्हणून तिफण. वर लाकडाचं वाटीसारखं चाडं असतं, त्याच्या तळाला तीन भोकं. तिथून तीन पोकळ नळ्या खाली तीन फणांना जातात. फण माती फाडतो आणि त्याच तासात, म्हणजे चरात, नळीतून बी पडतं. चाड्यावर मूठ धरायची ती बहुतेक बाईनं. माझी आई धरायची. मूठ गच्च आवळली तर बी पडत नाही, सैल सोडली तर एकाच जागी ढीग. बोटांच्या फटीतून सारखी धार पडली पाहिजे आणि पाय बैलांच्या चालीनं पडले पाहिजेत. ‘चाड्यावर मूठ ठेवली’ म्हणजे पेरणी सुरू झाली, असा बोलण्यातला अर्थ तिथूनच आला. दोन फणांची असली की आम्ही तिला दुफणी म्हणतो. म्हणजे आमच्याकडे नाव फणांच्या मोजणीवरून पडतं.

आता ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रानं पेरतात. कोड्यात ‘पेरणीयंत्र’ घालायचं तर पाच घरं लागतील.

पुण्याहून, माहेर अंबाजोगाई

मी दोन्ही शब्दांत राहिले आहे. माहेरी तिफण, सासरी पाभर. सासरचं गाव शिरूर तालुक्यात. तिथे फण तीन असोत की चार, पेरायच्या अवजाराला पाभरच म्हणतात. लग्नानंतर पहिल्या पेरणीला मी तिफण म्हणाले, तर सासूबाईंना कळलं, पण जावेला नाही कळलं. माझ्या समजुतीप्रमाणे पाभर हे सबंध अवजाराचं नाव आणि तिफण हे तीन फणांच्या प्रकाराचं. त्यामुळे ‘पेरणीचे अवजार’ या संकेताला दोन्ही उत्तरं बरोबर. नुसती तिफणच हवी असेल तर संकेतात ‘तीन फणांचे’ असं लिहायला पाहिजे, आणि पाभर हवी असेल तर उभ्या शब्दांवर भिस्त ठेवायला पाहिजे.

कुळव-वखर मात्र मला पूर्ण एकच वाटतात. मुलूख बदलला की नाव बदलतं, एवढंच.

लातूरहून

मी शाळेच्या भित्तिपत्रकासाठी बावीस वर्षं कोडी रचली. कोडेकाराच्या बाजूनं एक गोष्ट सांगतो, ताई, रागावू नका.

शब्दकोडं ही मूळची इंग्रजी चीज. २१ डिसेंबर १९१३ ला ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या रविवारच्या पुरवणीत आर्थर विन यांनी पहिलं छापलं, तेही चौकटीसारखं चौकोनी नव्हे, शंकरपाळ्याच्या आकाराचं. तिथे एका घरात एक सुटं अक्षर. आपण ते घेतलं तेव्हा घरात अख्खं अक्षर बसवलं, काना-मात्रा-वेलांटीसकट. ‘विद्यार्थी’ तीन घरांत बसतो : वि, द्या, र्थी. यात सोय आहे तशी अडचणही आहे. ‘र्थी’ त्या शब्दाच्या शेवटी शोभून दिसतो, पण त्याच घरातून उभा शब्द सुरू करायचा म्हटलं तर मराठीत एकही नाही. ‘ण’ आणि ‘ळ’ यांचं तेच. मराठी शब्द ‘ण’नं सुरू होत नाही, ‘ळ’नंही होत नाही. ज्या घराच्या कोपऱ्यात उभ्या शब्दाचा आकडा छापलेला आहे, तिथे ही दोन अक्षरं कधीच येणार नाहीत.

आता तुमची चौकट काढून बघा. आडव्या ९ च्या तिसऱ्या घरात आकडा होता का? असेल तर तिथे तिफण बसूच शकत नव्हती. पा, भ, र या तिन्हीनं शब्द सुरू होतात, म्हणून पाभर कोडेकाराला हाताशी लागते. आमची माणसं वगळायची म्हणून कुणी पाभर निवडत नाही.

पण कुळवाच्या बाबतीत तुमची तक्रार मी मान्य करतो. वखराला ही अडचण नाही. व, ख, र तिन्ही मोकळी अक्षरं. उलट कुळवाच्या मधोमध ‘ळ’ बसलेला. तरीही कोडेकार कुळव घालतो, कारण त्याच्या कानावर तोच शब्द पडलेला असतो.

छत्रपती संभाजीनगरहून

आप्पांना माझा सलाम सांगा. ‘मुअम्मा’ अरबीतून आला. ‘अमा’ म्हणजे आंधळेपण, मुअम्मा म्हणजे दिसू नये असं झाकलेलं. फारसी कवितेत मुअम्मा हा एक प्रकारच होता, दोन ओळींत कुणाचं तरी नाव दडवायचं आणि ऐकणाऱ्यानं ते काढायचं. पुढे उर्दू मासिकांत बक्षिसाची शब्दकोडी आली तेव्हा त्यांना हेच नाव मिळालं. लोक फी भरून उत्तरं पाठवायचे. देशभर या बक्षिसांचं प्रस्थ इतकं माजलं की १९५५ साली केंद्रानं कायदा करून महिन्याची एकूण बक्षीस-रक्कम एक हजार रुपयांच्या वर जाऊ द्यायची नाही असं ठरवलं. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या १९५७ च्या एका गाजलेल्या खटल्याच्या मुळाशीही बक्षिसाची शब्दकोडीच होती.

एक शब्द आप्पांसाठी. उर्दूत कोडं सुटलं की ‘हल झालं’ म्हणतात. मराठीत, संस्कृतातून आलेला, ‘हल’ म्हणजे नांगर, म्हणून बलराम हलधर. उच्चार कानाला सारखा, मुळं दोन वेगळ्या भाषांतली. ‘नांगर’, दोन घरं, असा संकेत आला तर आप्पांना तो दोन्ही बाजूंनी कळेल.

परभणीहून, पुन्हा मी

सगळ्यांचे मनापासून आभार. लातूरच्या सरांचं वाचलं आणि रद्दीतून मंगळवारचा अंक काढला. तिसऱ्या घरात आकडा होता. उभा १०, ‘रात्र’, तीन घरं. रजनी. मी तो उभा रिकामाच सोडला होता, ‘ण’नं सुरू होणारं रात्रीचं नाव आठवत नाही म्हणून. कोडं मला चूक दाखवत होतं आणि मी ते बघितलं नाही. पाभरीवरचा राग मागे घेते. वखराचा नाही घेत.

हिंगोलीच्या दादांचं चाड्याचं वर्णन आप्पांना दोनदा वाचून दाखवलं. त्यांनी उजवी मूठ धरली आणि बोटं हळूहळू सैल करून दाखवली. मग म्हणाले, ‘आपलाच एक मुअम्मा कर. आपल्या घरातले शब्द घाल.’

रविवारी दुपारी बसलो. ‘मोंढा’, म्हणजे धान्यबाजार, या शब्दापासून सुरुवात केली, पण ‘मों’ला जोडीदार मिळेना. मग आप्पांनी दोन शब्द दिले, दोन्हींत ‘ळ’. मी म्हटलं, हा ‘ळ’ कुठं ठेवू? म्हणाले, ‘मधल्या घरात. आडव्याच्याबी मधी, उभ्याच्याबी मधी.’ बरोब्बर बसला. तीन आडव्या ओळी, चार उभ्या रांगा, काळी घरं तीन : पहिल्या ओळीतलं पहिलं आणि चौथं, शेवटच्या ओळीतलं तिसरं. सोडवून बघा.

आडवे : १. तलवारीची जोडीदार (२). ३. धाब्याच्या घराचं मातीचं छत (४). ५. मुकुट (२).

उभे : १. वाड्याच्या दरवाजालगतची बसाउठायची जागा (३). २. कुशाचा भाऊ (२). ३. आई (२). ४. करुणा (२).