उजवा इंडिकेटर अधूनमधून बंद: दोष नेमका कुठे?

प्रश्न: माझ्या जुन्या कारचा डावा इंडिकेटर नीट चालतो, उजवा मात्र दांडी बोटाने दाबून धरली तरच लुकलुकतो. हॅझार्ड लावल्यावर चारही दिवे व्यवस्थित चालतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात फ्लॅशर (दिवे लुकलुकवणारा रिले) बदलण्याचा सल्ला मिळाला. तो योग्य आहे का?

उत्तर १: कृपया फ्लॅशर बदलू नका. डावी बाजू चालते म्हणजे फ्यूज आणि फ्लॅशर ठीक आहेत. हॅझार्डवर उजवे दिवे लागतात म्हणजे बल्ब आणि अर्थिंगही ठीक आहे. उरतो तो दांडीचा स्विच. स्टिअरिंगखालचे कव्हर काढा, कनेक्टर जोडलेलाच ठेवा आणि दांडी उजवीकडे असताना मागून टेस्ट लॅम्प (वायरमध्ये वीज आहे का ते दाखवणारा छोटा दिवा) लावा. फ्लॅशरकडून येणाऱ्या वायरवर लॅम्प लागतो, पण उजवीकडे जाणाऱ्या वायरवर दांडी दाबल्याशिवाय लागत नाही, असे दिसले तर आतला कॉन्टॅक्ट झिजला आहे, हे निश्चित समजावे.

उत्तर २: त्याआधी कनेक्टरच्या पिना पाहा. कोल्हापूरच्या पावसाळी दमटपणात त्यांवर हिरवट थर चढतो. तो कॉन्टॅक्ट क्लीनरने निघतो. स्विच काढण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवावी, आणि स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असल्यास हे काम जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडेच द्यावे.

प्रश्नकर्ता: पिना स्वच्छ आहेत आणि लॅम्प अगदी तसाच वागला. नवा स्विच मागवला आहे.