आणि मंडळाचे इतर दिवंगत सभासद

प्रेषक: कार्यवाह
विषय: वार्षिक सभा, श्रद्धांजलीची यादी

नमस्कार मंडळी,

वार्षिक सभा महिनाअखेरीला आहे. दरवर्षीप्रमाणे सुरुवात श्रद्धांजलीने. हॉल तीनच तास मिळालाय, त्यामुळे त्यासाठी चार मिनिटं धरली आहेत, उभं राहण्याचं एक मिनिट त्यातच. आत्तापर्यंतची यादी:

मुंबईचे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर (३ मार्च २०२५)
डॉ. जयंत नारळीकर (२० मे)
बाळ कर्वे, म्हणजे आपले गुंड्याभाऊ (२८ ऑगस्ट)
अभिनेत्री संध्या (४ ऑक्टोबर)
आणि मंडळाचे इतर दिवंगत सभासद.

कोणी राहिलं असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा. फक्त बातमी खात्रीची असू द्या. मागे एका नटाला आपण इथे भरभरून श्रद्धांजली वाहिली आणि पुढच्याच महिन्यात त्याच्या नव्या नाटकाची जाहिरात आली.

— कार्यवाह


प्रेषक: क्रिकेट संघ (माजी कप्तान)
विषय: उत्तर: वार्षिक सभा, श्रद्धांजलीची यादी

ताई,

यादी वाचली. शेवटची ओळ जरा टोचली, म्हणून लिहितोय. राग तुमच्यावर नाही. असलाच तर त्यातला बराचसा माझ्यावरच आहे.

शिवलकर गेल्याची बातमी आली त्या रात्री इथे एकतीस मेल आल्या. त्यातल्या पाच माझ्या. कुणी ५८९ बळी सांगितले, कुणी भारतीय संघात डावखुरे फिरकीपटू बिशनसिंग बेदी होते म्हणून कसोटीची टोपी कधीच मिळाली नाही ते सांगितलं. चेपॉकवरचा १९७२-७३ चा रणजी अंतिम सामना तर तिघांनी स्वतंत्रपणे लिहिला: तामिळनाडूविरुद्ध पहिल्या डावात १६ धावांत ८, दुसऱ्यात १८ धावांत ५, तिसऱ्या दिवशीच्या पहिल्या चेंडूवर सामना खलास, मुंबईचं लागोपाठ पंधरावं विजेतेपद.

आता मला सांगा, हे आकडे आपल्याला पाठ कसे? आपल्यातल्या कितीजणांनी शिवलकरांना गोलंदाजी करताना पाहिलंय? १९७३ साली माझे आईबाप एकमेकांना ओळखतही नव्हते. हे सगळं आपल्या डोक्यात घातलं स्कोअरवाल्या काकांनी. पार्कातल्या त्या पत्र्याच्या शेडखाली बसून टेनिस बॉलच्या सामन्याचा स्कोअर तीन रंगांच्या पेनांनी लिहिणारा माणूस तो. वाइडचा रंग वेगळा. आपण बारा षटकांचा सामना खेळायचो, आणि ते मात्र वानखेडेवर बसल्यासारखे निर्धाव षटकांचा हिशेब ठेवायचे. कोणी डावखुरा पोरगा दोन चेंडू बरे टाकून गेला की खालून आवाज यायचा, "झाला का लगेच पॅडी!" पॅडी म्हणजे शिवलकर, हेही आम्हाला त्यांनीच सांगितलं.

काका त्याच आठवड्यात गेले. शिवलकर सोमवारी, काका गुरुवारी. इथे तेव्हा अजून शिवलकरच चालू होते. मला कळलं अकरा दिवसांनी, तेसुद्धा त्यांच्या लेकीने जुनी स्कोअरबुकं कुणाला हवीत का विचारायला फोन केला म्हणून. अंत्यविधीला सात माणसं होती म्हणाली. त्यातला एक फ्युनरल होमचा.

त्यांना "इतर"मध्ये घालू नका एवढंच.


प्रेषक: कार्यवाह
विषय: उत्तर: उत्तर: वार्षिक सभा, श्रद्धांजलीची यादी

दादा, लेकीचा फोन मलाही आला होता. गाजावाजा नको म्हणाली, म्हणून मी मेल पाठवली नाही. गाजावाजा न करणं वेगळं आणि कुणाला पत्ताच न लागू देणं वेगळं, हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

आणखी एक गोष्ट सांगते, सांगायला बरं वाटत नाही. काका नियमाप्रमाणे सभासद नव्हते. दोन वर्षं वर्गणी आली नव्हती. वर्गणी थकली की जानेवारीत नाव यादीतून आपोआप उडतं. म्हणजे शिवलकरांवरच्या त्या एकतीस मेल त्यांना गेल्याच नाहीत.


प्रेषक: सभासद
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: वार्षिक सभा

भावपूर्ण श्रद्धांजली. ओम शांती.


प्रेषक: क्रिकेट संघ (माजी कप्तान)
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: वार्षिक सभा

अहो, कोणाला?


प्रेषक: सभासद

सगळ्यांना.


प्रेषक: मराठी शाळा
विषय: आजींचं नाव

वर्गणीचाच निकष लावायचा तर आमच्या आजी कधीच सभासद नव्हत्या. सहा महिने मुलाकडे इथे, सहा महिने तिकडे भारतात. जूनमध्ये गेल्या त्या तिकडे असताना. मुलगा विमानात असतानाच सगळं आटोपलं होतं.

शाळेत आकडे शिकवायचं काम त्यांच्याकडे होतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "त्रेसष्ट"च्या जोडीला "साठ तीन" असं वाचन आलं आणि गदारोळ झाला, तो आठवत असेल. गणित समितीच्या प्रमुख होत्या नारळीकर सरांच्या पत्नी मंगला नारळीकर, त्यामुळे टीकाही त्यांनाच सोसावी लागली. आजी तेव्हा कडाडून विरोधात. "एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी, हे पोराच्या हाडात मुरलं पाहिजे," म्हणायच्या. चहाच्या सुट्टीत आमच्याशी भांडायच्या, जसं काही पुस्तक आम्हीच छापलंय.

मग आमच्या वर्गात एक सात वर्षांचा मुलगा आला. त्रेसष्ट म्हटलं की ३६ लिहायचा. दर वेळी. आजींना वाटलं मुद्दाम करतोय. तीन रविवार गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की बिचारा ऐकतो त्याच क्रमाने लिहितोय: आधी "त्रे" येतं म्हणून आधी ३, मागून "सष्ट" येतं म्हणून मग ६. घरी दिवसभर इंग्रजी, तिथे साठ आधी आणि तीन नंतर. चौथ्या रविवारी आजींनी फळ्यावर स्वतःच्या हाताने "साठ तीन" लिहिलं आणि खाली बारीक अक्षरात "त्रेसष्ट". आम्ही कोणी एक शब्द काढला नाही.

जुलै २०२३ मध्ये मंगलाताई गेल्या, तेव्हा वर्गात त्यांचा फोटो लावा असं सुचवणाऱ्या आजीच. "आमचा वाद मिटलाय," म्हणाल्या. तो मिटल्याचं अर्थातच मंगलाताईंना कधी कळलं नव्हतं.

यादीत नारळीकर सर आहेतच. त्यांच्या शेजारी आजी बसतील का? तो मुलगा आता तेरा वर्षांचा आहे. दोन वाक्यं बोलेन म्हणाला, मराठीतून.


प्रेषक: सभासद (नुकताच आलेला)
विषय: उत्तर: आजींचं नाव

मी मंडळात नवीन आहे, यातल्या कुणालाच भेटलेलो नाही. पण नारळीकरांचं नाव आलं म्हणून.

सही मागणाऱ्या मुलांना सर सांगायचे, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. आमच्या सरांनी हे वर्गात सांगितलं आणि मी त्याच संध्याकाळी पोस्टकार्ड आणलं. पत्ता लिहिला, आयुका, पुणे. प्रश्न काही सुचेना. जो सुचायचा तो मला मूर्खासारखा वाटायचा. ते कार्ड अजून माझ्याकडे आहे, पत्त्याची बाजू भरलेली आणि दुसरी कोरी. यंदा २१ मेच्या सकाळी ऑफिसला जायच्या आधी काढून बघितलं. तीन प्रश्न लगेच सुचले.

विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ना. वि. जगताप या नावाने कथा पाठवली होती, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. परीक्षकांनी नाव बघून बक्षीस देऊ नये म्हणून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मंगलाताईंकडून लिहून घेतली होती. बक्षीस मिळालंच. हे चार मिनिटांत बसणार नाही, पण "थोर शास्त्रज्ञ" म्हणून उरकण्यापेक्षा हे सांगा.


प्रेषक: खजिनदार
विषय: फाईलवाल्या वहिनी

ऑगस्टमध्ये फाईलवाल्या वहिनी गेल्या, त्यांच्याबद्दल कोणीच लिहीत नाहीये, म्हणून लिहितो.

ज्यांच्या घरात इथे असं काही घडलंय त्यांना वहिनी माहीत आहेत. बाकीच्यांना नसतील, आणि ते ठीकच आहे. माझे वडील आमच्याकडे आले असताना गेले. रात्री दोन वाजता मी मंडळाच्या कुणाला तरी फोन केला, आणि सकाळी सातला दारात वहिनी, काखेत निळी फाईल. रडू-बिडू नका असलं काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "पासपोर्ट कुठेय?"

पुढचे चार दिवस त्यांनी चालवले. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रमाणित प्रती एक-दोन नाही, डझनभर घ्यायच्या. बँक, विमा, वकिलात, प्रत्येकाला अस्सल प्रत लागते. दहनाचा दाखला वेगळा. अस्थी घेऊन जायच्या तर वकिलातीचं ना-हरकत पत्र, आणि पासपोर्ट रद्द करून घ्यायचा. मी पितळी कलश मागवून बसलो होतो, कारण घरात आजोबांच्या वेळी तसाच बघितला होता. वहिनी म्हणाल्या, परत कर. विमानतळावर पेटी क्ष-किरणांतून तपासतात, धातूचा असला की आतलं दिसत नाही; ते लोक मान राखून उघडत नाहीत, आणि तपासता आलं नाही तर पुढे सोडतही नाहीत. "तिथे रांगेत उभं राहून वडिलांवरून वाद घालणार आहेस का?" लाकडी पेटी घेतली. दोन विमानतळांवर मिळून दोन मिनिटं लागली.

असं त्यांनी किती घरांसाठी केलं ते त्यांनी मोजलं नव्हतं. आपल्या कुठल्याच अहवालात ते नाही, कारण अहवालात मी फक्त पैसे लिहितो आणि वहिनींनी पेट्रोलचेही कधी घेतले नाहीत.

त्या गेल्या तेव्हा भाऊंना मी म्हटलं, कागदांचं मी बघतो. भाऊंनी आतून निळी फाईल आणून दिली. सगळं लावून ठेवलेलं होतं. वर चिठ्ठी: प्रती बारा घेणे. पेटी माळ्यावर आहे.


प्रेषक: कार्यवाह
विषय: सुधारित कार्यक्रम

मंडळी,

चार मिनिटांची वीस केली आहेत. खजिनदारांनी आपण होऊन अहवाल छापील वाटायचं कबूल केलंय, त्यामुळे बहुतेकांची सोयच होईल.

"इतर" ही ओळ काढली. प्रत्येक नावाला एकेक माणूस बोलेल, शक्यतो त्यांना ओळखणारा. आजींसाठी शाळेतला तो मुलगा. वहिनींबद्दल खजिनदार, भाऊ येणार आहेत, बोलणार नाहीत. नारळीकरांवर पोस्टकार्डवाले. कर्वे आणि संध्या यांच्यासाठी ज्येष्ठ नागरिक गटातून कोणी हात वर करा. वर्गणीचा नियम बदलायला सभेचा ठराव लागतो, तो विषय सूचीत घेतलाय. तोवर मी जानेवारीत गळालेल्या नावांना एकेक फोन करते आहे. आठ झाले, चौदा राहिले.

दादा, काकांचा फोटो मिळत नाहीये. लेकीकडे अलीकडचा नाही. तुमच्याकडे?


प्रेषक: क्रिकेट संघ (माजी कप्तान)

एकच सापडला. आपण जिंकलो त्या अंतिम सामन्याचा. पुढे करंडक घेऊन आम्ही अकरा जण दात काढून उभे, आणि मागे शेडमध्ये काका मान खाली घालून लिहितायत. चेहरा दिसत नाही. फक्त टोपी आणि हात.


प्रेषक: कार्यवाह

टोपी चालेल. अकरा जण कापून पाठवा.