परत आलेला हर्निया: पुन्हा दुर्बिणीनेच?

गिरगावकर: काल इथे कोणीतरी छातीठोकपणे लिहिलंय, "दुर्बिणीने केलेला जांघेतला हर्निया परत आला तर पुन्हा दुर्बिणीनेच करा, चिरा देणं जुनाट झालं." लोक असलं वाचून ऑपरेशनला जातात हो! आधीचं कुठून झालं, यावर पुढचं ठरतं. चिरा देऊन झालं असेल तर दुसरं मागून, म्हणजे पोटाच्या भिंतीच्या आतल्या बाजूने, दुर्बिणीने. दुर्बिणीने झालं असेल तर पुढून, चिरा देऊन. २०१८च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. एकदा हर्नियाच्या जागी आधाराची जाळी बसली की तिथलं सगळं चिकटतं, आणि शेजारी मूत्राशय, पायाच्या मोठ्या रक्तवाहिन्या. माझा २ वर्षांत परत आला. दुसऱ्यांदा चिरा देऊन केलं, कमरेत इंजेक्शन घेऊन. तिसऱ्या दिवशी चाळीचे जिने उतरलो.

सर्जन_ठाणे: तुमचे जिने म्हणजे पुरावा नव्हे, काका. सरावलेल्या हाताला पुन्हा दुर्बिणीने जमतं. जाळी सरकली, कडेला दुमडली की मुळातच लहान कापली होती, ते आत गेल्यावर दिसतं. १० बाय १५ सेंमीची लागते, तिथेच काटकसर होते. जुनी जाळी बहुतेकदा तशीच ठेवून नवी लावतात. आणि ज्याचं पुढून-मागून दोन्ही झालंय, त्याला कुठून जा म्हणणार?

गिरगावकर: सरावलेला हात पेशंटने ओळखायचा कसा? पाटीवर सगळेच तज्ज्ञ.

लालबागकर: तुमचं पुढून-मागून चालू द्या, जाळीच्या बिलाचं कोणी बोलत नाही. वडिलांच्या वेळी पतपेढीतून कर्ज काढलं. आमच्याच महाराष्ट्रात, दोंडाईच्याला, डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून जाळी म्हणून वापरलं. मग आम्हाला का नाही?

माहीमची_मावशी: मच्छरदाणी पोटात? गरिबाच्या अंगावर काहीही चालतं का? माझ्या दिराची जखम ४ महिने वाहत होती, जाळी चांगल्या कंपनीची असून.

लालबागकर: मावशी, मग दोष कापडाचा कसा? युगांडात ३०२ पुरुषांवर अभ्यास झाला, २०१६ साली छापून आला. वर्षभरात मच्छरदाणीवाल्यांत एकाचा हर्निया परत आला, महागड्या जाळीवाल्यांत कोणाचाच नाही. एवढ्याशा फरकासाठी कर्ज काढायचं?

माहीमची_मावशी: आकडे मला नका सांगू. ड्रेसिंग मी केलंय.

सर्जन_ठाणे: अभ्यास खरा आहे, पण ती चिरा देऊन केलेली ऑपरेशनं. परत आलेल्या हर्नियात, दुर्बिणीने, तेच निघेल असं त्यावरून म्हणता येत नाही. जाळीचे दर मात्र डोळे पांढरे करणारे आहेत, हे मान्य. आणि काका, दुर्बिणीनंतर परत आला तर मीही बहुतेकांना पुढूनच करा म्हणतो. तुमचा "नेहमीच" तेवढा खटकला.

गिरगावकर: "नेहमीच" मी लिहिलेलं नाही, वर पाहा. बरं, दोन्ही झालेल्यांचा मुद्दा घेतो, त्यांना माझा नियम लागू नाही. पण आधी काय केलं होतं, ते कळायला तर हवं! माझ्या डिस्चार्ज कार्डावर "हर्नियाचं ऑपरेशन" एवढंच होतं. टॅप की टेप, म्हणजे दुर्बीण पोटाच्या पोकळीत घालून केलं की न घालता, जाळी केवढी, काही नाही. ऑपरेशन नोटसाठी ४ खेपा घातल्या. लालबागकर, वडिलांची नोट आहे का तुमच्याकडे?

लालबागकर: कार्डावर जाळीचा स्टिकर आहे. कंपनीचं नाव आहे, माप फाटलंय. उद्या मागायला जातो.