मदत हवी आहे: चॅपल रोडवरचं भित्तिचित्र पोकेमॉन गोच्या नकाशावरून गेलं, अपील कसं करायचं?

रानवाट: वांद्रे पश्चिमेला चॅपल रोडच्या एका गल्लीत, तीन मजली इमारतीच्या बाजूच्या भिंतीवर मोठं भित्तिचित्र आहे. तिथे पोकेस्टॉप (पोकेमॉन गो या मोबाइल खेळात खऱ्या जागेवर दिसणारा थांबा) होता, आता दिसत नाही. चित्र जागेवर आहे, रंगही शाबूत आहे. ती जागा सुचवणारं नॉमिनेशन माझ्याच खात्यावरून झालं होतं. काढल्याचं कारण सांगणारा मेल आलेला नाही आणि वेफेअरमध्ये (खेळासाठी जागा सुचवायची आणि तपासायची वेबसाइट) माझ्या योगदानांच्या यादीत त्या नोंदीपुढे अपीलचं बटणही नाही. अपील कुठे करायचं, काय काय जोडायचं आणि पुन्हा नॉमिनेट केलं तर चालेल का? कृपया जाणकारांनी सांगावं.

गल्लीबोळ: आधी इन्ग्रेस हा दुसरा मोबाइल खेळ उघडून बघा. तिथे पोर्टल (पोकेस्टॉपसारखंच त्या खेळातलं ठिकाण) दिसत असेल तर वेस्पॉट, म्हणजे त्या जागेची मूळ नोंद, काढलेला नाही, तो फक्त पोकेमॉन गोमध्ये दिसत नाहीये. दोन्ही खेळ एकाच साठ्यातून जागा घेतात, पण पोकेमॉन गो एस-२ जाळीतल्या (नकाशाचे लहान-मोठे चौकोन पाडणारी पद्धत) १७ व्या पातळीच्या एका चौकोनात साधारणपणे एकच जागा दाखवतो. चौकोनाची बाजू ढोबळमानाने ७०-८० मीटर. चॅपल रोडवर चित्रं इतकी दाट आहेत की एका चौकोनात तीन-चार सहज येतात. असं असेल तर अपिलात काही हाती लागणार नाही.

दुसरी शक्यता विलीनीकरणाची. शेजारच्या चित्राच्या वेस्पॉटवर तुमच्या चित्राचा फोटो दिसतोय का बघा. दिसत असेल तर दोन्ही नोंदी एकच समजून जोडल्या गेल्या आहेत. तिथे 'चित्र अजून आहे' हे सांगून उपयोग नाही, 'ही दोन वेगळी चित्रं आहेत' हे दाखवावं लागतं. त्यासाठी दोन्ही चित्रं एकाच चौकटीत येतील असा फोटो लागतो.

रानवाट: इन्ग्रेसमध्येही नाही. शेजारच्या वेस्पॉटवर आमचा फोटो नाही.

पिनकोड: मग खरंच काढलंय. यादीतलं अपीलचं बटण नाकारलेल्या नॉमिनेशनसाठी असतं. मंजूर होऊन नंतर काढलेल्या जागेसाठी वेफेअरच्या मदत विभागातून वेगळी विनंती करावी लागते. तीत शीर्षक, अक्षांश-रेखांश, शहर, देश, पुराव्याचे फोटो आणि थोडं स्पष्टीकरण द्या. शीर्षक पूर्वी होतं तसंच्या तसं लिहा, स्पेलिंगसुद्धा बदलू नका, नाहीतर जुनी नोंद सापडायला अडचण होते. ते तुमच्या योगदानांच्या यादीत किंवा नॉमिनेशनच्या मेलमध्ये मिळेल.

पण लिहायला बसण्याआधी ते का काढलं असेल याचा अंदाज बांधा. बहुतेक अपिलं इथेच फसतात. चित्र किती सुंदर आहे, कलाकार किती मोठा आहे यावर पानभर लिहिलं जातं आणि ज्या मुद्द्यावर काढलं त्याला उत्तरच नसतं. भित्तिचित्राच्या बाबतीत मुख्य कारणं तीन: वर रंग दिला गेला, सुरक्षितपणे पायी पोचता येत नाही, किंवा जागा खासगी घराच्या आवारात आहे. चॅपल रोडवर माझा पहिला संशय तिसऱ्यावर. तिथे जुनी कौलारू घरं आणि सोसायट्या भिंतीला भिंत लावून आहेत. एका कुटुंबाच्या खासगी घरावरची जागा निकषात बसत नाही, भिंत रस्त्याकडे तोंड करून असली तरी. अनेक फ्लॅटच्या इमारतीला मात्र ती अट तशी लागत नाही. तुमची पिन नेमकी कुठे होती?

रानवाट: इमारत सोसायटीची आहे, सहा फ्लॅट. नॉमिनेशनमधली पिन आत्ता नकाशावर टाकून पाहिली. ती लागून असलेल्या बंगल्याच्या छपरावर पडतेय!

पिनकोड: तर मग कारण बहुधा हेच. अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या इमारतींमुळे जीपीएस सहज काही मीटर सरकतं, आणि उपग्रह चित्रात छप्पर तिरकं दिसत असल्याने भिंतीचा पाया चुकतो. त्यामुळे पिन छप्पर बघून लावू नका. गूगल नकाशावर भिंतीच्या पायथ्याशी, रस्त्याकडच्या कडेला उजवं क्लिक करा आणि आलेले आकडे जसेच्या तसे घ्या, दशांशानंतर किमान ५ अंक. आधी अक्षांश, मग रेखांश. वांद्र्यात ते १९.०५ आणि ७२.८२-७२.८३ च्या आसपास येतात. अदलाबदल झाली तर पिन भारताबाहेर पडते.

अपिलात जुनी पिन आणि खरी जागा दोन्ही लिहा आणि चूक मोकळेपणाने मान्य करा: 'पिन शेजारच्या घरावर होती, चित्र सोसायटीच्या भिंतीवर आहे, योग्य जागा ही.' एवढं पुरे. इंग्रजीत साध्या वाक्यांत लिहा, १०० ते १५० शब्द. कुणी तक्रार केली असेल याचा उल्लेखही नको.

आणि एक कळकळीची विनंती. चित्र खरंच बंगल्याच्या भिंतीवर असतं, तर पिन रस्त्यावर सरकवून अपील करणं ही फसवणूक ठरली असती. त्यात खात्यावर कारवाई होते आणि त्या भागातल्या बाकीच्या प्रामाणिक नोंदींकडेही संशयाने पाहिलं जातं.

सावली: फोटोंबद्दल. चार लागतील. पहिला समोरून, पूर्ण चित्राचा. दुसरा लांबून, ज्यात चित्र, गल्ली आणि बंगला असं तिन्ही एकत्र दिसेल. तुमच्या प्रकरणात हाच सगळ्यात महत्त्वाचा, कारण भिंत कुणाची हे त्यातच कळतं. तिसरा सोसायटीच्या नावाच्या पाटीचा. पाटी मराठीत असेल तर खाली इंग्रजी अर्थ लिहा. रहिवाशांच्या नावांचा फलक मात्र घेऊ नका. चौथा, गल्लीत उभं राहून चालत कसं पोचता येतं ते दाखवणारा. चेहरे आणि गाड्यांच्या नंबरप्लेट टाळा, सकाळी लवकर गेलात तर सोपं जाईल.

मूळ फाइलच वापरा. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेल्या प्रतीत जागा आणि वेळेची माहिती उरत नाही. शक्य असेल तर तिथे ३६० अंशाचा फोटो काढून गूगल नकाशावर टाका आणि त्याचा दुवा द्या. स्ट्रीट व्ह्यू मुंबईत २०२२ पासून आहे, पण त्याच्या चित्राची तारीख बघून घ्या. भित्तिचित्र त्यानंतर रंगवलेलं असेल तर तिथे कोरी भिंत दिसेल आणि तोच पुरावा तुमच्यावर उलटेल.

रानवाट: खूप उपयोग झाला. अपील चालू असताना नवीन नॉमिनेशनही टाकून ठेवू का?

गल्लीबोळ: नको. जुनी नोंद परत आली की दुसरी दुबार ठरेल. अपील फेटाळलं तरच नवीन टाका, आणि तेव्हा पूरक फोटो म्हणून तो लांबचा फोटोच जोडा. भिंतीवर आता वेगळंच चित्र असतं, तर अपिलाच्या वाटेला न जाता थेट नवीन नॉमिनेशनच करायला सांगितलं असतं. चित्र वेगळं म्हणजे जागाही वेगळी.

परत आलं तर आधी इन्ग्रेसमध्ये बघा. मधल्या काळात त्या चौकोनात दुसरी जागा आली असेल, तर वेस्पॉट परत येऊनही पोकेस्टॉप दिसणार नाही.