‘गावातल्या बायका आळशी झाल्या’ म्हणणाऱ्या भाऊंना, एका पायलीच्या कुरड्यांचा हिशेब

पळसफूल (आर्वी तालुका)

काल एका भाऊंची पोस्ट फिरत फिरत आमच्या गावच्या ग्रुपवर आली. पुण्यात राहतात, मूळचे अकोल्याकडचे. सार एवढंच की आईच्या हातची कुरडई कढईत टाकली की परातीएवढी फुलायची (परातीएवढी नाही फुलत, पण असो), आता खेड्यातही पाकिटं येतात, बायकांना मोबाईलमधून डोकं वर काढायला फुरसत नाही, आणि ‘अख्खी वाळवणाची संस्कृती आळसानं मेली’. खाली दोनशेच्या वर लोकांनी बदाम दिले. त्यातला एक माझ्या नवऱ्याचा. म्हणून एवढं लांब लिहून राहिले.

भाऊ, तुमच्या पोस्टमध्ये कुरडई थेट कढईतच उगवते. त्याच्या आधीचं मी सांगते. गहू तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवशी असा आंबूस वास सुटतो की लेकरं स्वयंपाकघरात पाय ठेवत नाहीत. मग वाटायचे, चोथा पिळून चीक काढायचा, रात्रभर ठेवून वरचं पाणी नितळून टाकायचं. पहाटे ४ ला चूल पेटवायची. आधणात मीठ, हिंग, आणि एका हातानं चीक ओतत दुसऱ्या हातानं घोटत राहायचं. हात थांबला की गोळ्या झाल्या, आणि गोळ्या झाल्या की सासूबाईंचा चेहरा दिवसभर तसाच. चीक गरम असतानाच साच्यात भरावा लागतो, थंडा झाला की साचा फिरत नाही. ७ वाजता आमचा स्लॅब तापतो, त्याच्या आत सगळ्या घालून व्हायला पाहिजेत. नंतर दिवसभर वांदरं हाकलायची. आर्वीकडची वांदरं कशी आहेत ते आर्वीकरांनाच विचारा.

हे मी १९ वर्षं केलं. तीन वर्षांपूर्वी खांदा धरला तेव्हा सोडलं. आता शेजारच्या गावच्या बचत गटाकडून घेते. हो, पाकीटच. ते पाकीट सहा बाया मिळून भरतात, मशीन नाही.

आनंद नव्हता असं मी म्हणत नाही. वाटीभर गरम चीक, त्यावर तूप-साखर, ते खात ओट्यावर बसलेली पोरं आठवली की अजून बरं वाटते. पण त्या आनंदात घोटणारी कुठं होती, हे पोस्ट लिहिण्याआधी आईला एकदा विचारलं असतं तर बरं झालं असतं.

निवृत्तमास्तर

भावना समजल्या, परंतु पोस्टकर्त्याचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. आपण वर्धा जिल्ह्यातल्या आहात म्हणून आठवण करून देतो. १९३४ साली गांधीजींचा अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला तो वर्ध्यालाच, मगनवाडीत. संघाचं काम पाहणाऱ्या जे. सी. कुमारप्पांनी हातसडीचा तांदूळ, जात्यावरचं पीठ, घाणीचं तेल याचा ध्यास घेतला. १९३८ ला तिथेच मगन संग्रहालय उभं राहिलं. हाताच्या कामाची प्रतिष्ठा काय असते हे जगाला ज्या भूमीनं सांगितलं, तिथल्याच गृहिणीनं पाकिटाचं समर्थन करावं याचं वाईट वाटतं.

सूनबाई२

मास्तर, मगनवाडीतल्या घाणीला बैल जुंपलेला होता. आमच्या घरच्या पाट्या-वरवंट्याला आई.

धुऱ्यावरचा (यवतमाळ)

ताई, कुरडईचं ठीक हाये. पन खारोड्या (जवारीचे सांडगे) काऊन बंद झाल्या हे कोनी बोलत नाई. जवारीच नाई त खारोड्या कायच्या करता, सोयाबीनच्या?

माह्या बापाच्या टायमाले सात एकरात जवारी राहे. आता गावात धुंडली त दोन घरी सापडन. पेरली त रोही (नीलगाय) खाते. रोह्यातून वाचली त डुकरं. त्यातून वाचली त पाखरं. अन् सगळ्यातून वाचली त ऐन काढनीले पानी येते अन् दाना काया पडते. मागं एक साल जिद्दीनं दीड एकर पेरली. बायकोनं म्हटलं होतं, घरचे पापड होतीन, घरच्या खारोड्या होतीन. दोन महिने मचानावर जागलीले गेलो, डबडे वाजोले, जुन्या लुगड्यायचं कुंपन केलं. एका रात्री लेकाले ताप होता म्हनून घरी थांबलो. सकाळी जाऊन पाह्यलं त नुसते धांडे उभे. तुमी आळसाचं बोलता, पुन्याचे भाऊ? या एक रात्र मचानावर.

पुण्यातलावऱ्हाडी

मूळ पोस्ट माझीच. मी ‘आळशी’ हा शब्द कोणत्याही व्यक्तीसाठी वापरला नव्हता, समाजाच्या एकूण प्रवृत्तीबद्दल होता. इथे मला खलनायक करून टाकलं. माझी आई शिक्षिका होती. शाळा सांभाळून पापड, कुरड्या, मुगवड्या सगळं करायची आणि हसत करायची. कोणी जबरदस्ती केली नव्हती. प्रत्येक गोष्टीत शोषणच शोधायचं असेल तर मग घरात पोळी लाटणंही बंद करा.

पळसफूल

‘आळसानं मेली’ हे तुमचेच शब्द आहेत भाऊ, मी तसेच उतरवले. समाजाची प्रवृत्ती पहाटे ४ ला उठत नाही, बाईच उठते.

आणि शाळा सांभाळून करायची म्हणता. तेव्हा तुम्ही काय सांभाळत होते?

पुण्यातलावऱ्हाडी

मी वांदरं हाकलायचो. गंमत नाही करत, काठी घेऊन गच्चीवर बसायचो, दुपारभर. अर्ध्या ओल्या कुरड्या मीच खायचो ही गोष्ट वेगळी.

सूनबाई२

आता मी थोडं पळसफूलताईच्या विरोधात लिहिते, राग मानू नका.

माझं माहेर दर्यापूरकडचं. आईकडे दिवाळीनंतर वाकळी भरायच्या. गल्लीतल्या चार बाया चार कोपऱ्यांवर बसायच्या, मध्ये जुनी लुगडी अंथरलेली. मला शाळेत जायच्या आधी एकच काम, वीस सुयांमध्ये दोरा ओवून उशीवर टोचून ठेवायचा, कारण आईला तोवर चष्मा लागला होता आणि ती ते कोणाला सांगत नव्हती. त्या बायांच्या गप्पा! कोणाच्या सुनेनं काय केलं, कोणाचा नवरा कुठे दिसला, सगळं त्या वाकळीत शिवलं जायचं. मी आल्यावर आवाज कमी व्हायचा, म्हणून मी मुद्दाम सुई हरवल्याचं नाटक करून तिथेच शोधत बसायची.

ते काम कष्टाचं होतं, कबूल. पण आईला घराबाहेरच्या बायांसोबत दुपारभर बसायला दुसरी कोणती परवानगी होती? नुसत्या गप्पा मारायला बसली असती तर आजीनं बसू दिलं असतं का? हातात सुई होती म्हणून बसता आलं. पापडाचंही तेच. आज आमच्याकडे, उद्या तुमच्याकडे. तुम्ही पाकीट आणलं, खांदा वाचला, चांगलंच झालं. पण ती दुपारही गेली ना. आता माझ्याकडे ब्लँकेट आहे, पॉलिस्टरच्या साड्यांचा ढीग आहे (त्यात सुई घसरते, ऊबही नाही) आणि दुपारी मी एकटी मालिका पाहते.

पळसफूल

याला माझ्याकडे उत्तर नाही. चिडून लिहायला घेतलं होतं, पण तुम्ही सुईचं लिहिलं आणि माझी मावशी आठवली. असो. खांदा मात्र अजून दुखतो.

बचतगटवाली

सगळे आनंदावर बोलून राहिले, भावावर कोणी नाही. आमचा गट उडदाचे पापड, मुगवड्या, सरगुंडे, शेवया करतो. पीठ कुटायला मशीन घेतली, लाटणं हातानंच. लोक येतात, पापड उन्हाकडे धरून पाहतात, ‘अगदी घरच्यासारखा’ म्हणतात आणि लगेच ‘दुकानातला याच्यापेक्षा स्वस्त मिळते’ म्हणतात. घरच्यासारखा पाहिजे आणि भाव घरचाच पाहिजे, म्हणजे फुकट!

मास्तरांनी गांधीजींच्या गावचा विषय काढलाच आहे तर पुढचंही सांगावं. १९३५ मध्ये गांधीजींनीच चरखा संघाला सूत कातणाऱ्या बायांची मजुरी वाढवायला लावली. खादी महाग होईल, खपणार नाही, अशी ओरड झाली, तरी ते हटले नाहीत. मगन संग्रहालयाचं नाव घेणाऱ्यांनी हे पण लक्षात ठेवावं.

निवृत्तमास्तर

बरोबर आहे. माझ्या लिहिण्यात ते राहिलं. तथापि गृहिणीनं घरासाठी केलेलं काम आणि बाजारासाठीचं उत्पादन या दोन स्वतंत्र बाबी आहेत, एवढं नमूद करतो.

सूनबाई२

मास्तर, ‘तथापि’ काढलं असतं तर बरं वाटलं असतं.

झाडीपट्टीचा

साकोलीहून. तुमचं वऱ्हाडवाल्यांचं नेहमीचंच, विदर्भ म्हटलं की गहू अन् ज्वारी. आम्ही धानवाले आहोत हे कोणी विचारतच नाही. हाताच्या वस्तूंवर बोलायचं तर सूप, टोपल्यांवर बोला. माझ्या लग्नातलं बांबूचं सूप अजून आहे. मुलीच्या लग्नात प्लास्टिकचं आलं. त्यात तांदूळ पाखडून दाखवा एकदा, कणी अन् कोंडा एकाच जागी नाचतात.

धुऱ्यावरचा (यवतमाळ)

सुपात पाखडाले आधी घरात दाने तं येऊ द्या.

माहं जवारीचं कोनी मनावर घेऊन नाई राह्यलं. हे पापड, खारोड्याच नाई, भुलाबाईचं पन तेच. पोरी पाच धांडे बांधून मखर करत, आत मातीचे भुलोबा-भुलाबाई. कोजागिरीले रात्री घरोघरी फिरून खिरापत ओयखत. यंदा माही नात धांडे मांगाले आली. माह्या वावरात सोयाबीन अन् तूर. तुराट्या देल्या. तिची बाई म्हने, चालते. काय चालते? तुराटीचं मखर मी त आयुष्यात पाह्यलं नाई. अन् बैलाले कडबा नाई म्हनून बैल इकले, आता पोयाले ट्रॅक्टरले हार घालतो.

पुण्यातलावऱ्हाडी

काका, मनापासून विचारतो, मग पेरत का नाही थोडी? घरापुरती? सगळेच सोयाबीन लावतात म्हणून तुम्हीही? तूर लावता, थोडी ज्वारीही लावता आली असती. हायब्रीडनं चव गेली म्हणतात, तर देशी वाण लावा.

धुऱ्यावरचा (यवतमाळ)

वर वाचलं का बाप्पा? दीड एकर. दोन महिने. एक रात्र. लेकाचा ताप.

घरापुरतीच पेरली त रोही त्यायच्या घरापुरती खाते का? सगळ्या शिवारात जवारी होती तवा नुकसान वाटून जाय. आता तुमी एकटेच पेरान त सगळ्या गावाचे पाखरं तुमच्याच वावरात. अन् हायब्रीडले नाव ठेवू नका. आमच्याकडं भाकरीलेच हायब्रीड म्हनत. ते खाऊनच मी लहानाचा मोठा झालो. देशी, देशी करनारे सगळे तिकडं गेले, पुन्याले.

पुण्यातलावऱ्हाडी

मी वर नीट वाचलं नव्हतं. चुकलं.

आणि सकाळी आईला फोन केला. विचारलं की कुरड्या करताना तुला मजा यायची का. ती म्हणाली, पापडाला यायची, बाया असायच्या म्हणून. कुरड्यांना नाही, चीक घोटायचा मला धाकच होता, एकदा हात पोळला होता. मी विचारलं मग हसायचीस कशी. म्हणाली, तू ओल्या चोरून खायचास ते मला दिसायचं. बस, एवढंच बोलली, मग सिलेंडर आला म्हणून फोन ठेवला.

पोस्ट काढत नाही, पण ‘आळसानं’ हा शब्द काढला आहे. समाधान झालं असेल सगळ्यांचं.

पळसफूल

शब्द काढला, उपकार झाले. नवऱ्यालाही बदाम काढायला लावते.

मे मध्ये गावाकडे येता ना? आईला म्हणा साचा काढून ठेवा. घोटायला तुम्ही.

पुण्यातलावऱ्हाडी

चालेल. २ तारखेला रात्री पोचतो, ३ ला सकाळी करू.

सूनबाई२

😂 तीन दिवस गहू कोण भिजवणार? रोज पाणी कोण बदलणार?

पुण्यातलावऱ्हाडी

…रजा वाढवतो.

बचतगटवाली

गहू बन्सी घ्या, दुकानातल्या पोळीच्या गव्हात चीक कमी निघतो असा आमच्या गटाचा अनुभव. माझ्याकडे दोन पायल्या आहेत. भाव सांगितला की घासाघीस नको.

धुऱ्यावरचा (यवतमाळ)

बन्सी कोनाच्या वावरातला वो ताई? अन् तिकडं रोही नाई का?