होडीच्या डेकवरच्या स्क्रूंना कोणतं सीलंट लावावं? मदत हवी आहे

मंडळी, मालवणला आमची फायबरची होडी पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात वर ओढून ठेवली आहे. १ ऑगस्टला मासेमारी सुरू होण्याआधी क्लीट (दोर बांधायच्या खुंट्या) आणि रेलिंगचे स्क्रू नव्याने बसवायचे आहेत. एका क्लीटचा स्क्रू काढला तर भोकातून तपकिरी पाणी आलं, म्हणजे ओल डेकच्या आतल्या प्लायवूडपर्यंत पोचली आहे. जीव कळवळला.

सिलिकॉन नको; त्याचा थर राहिला की पुढे त्यावर ना रंग धरत, ना दुसरं सीलंट. थ्रीएम कंपनीचं ५२०० सीलंट इतकं घट्ट चिकटतं की पुन्हा क्लीट काढताना जेलकोटच (फायबरवरचा चकचकीत थर) उखडेल. त्यांचंच ४२०० किंवा सिकाफ्लेक्स २९१ हे सीलंट कुणी वापरलंय का? हॅचची (डेकवरच्या झडपेची) काच ॲक्रिलिकची म्हणजे प्लास्टिकची आहे, तिथे पॉलिसल्फाइड जातीचं सीलंट चालत नाही. मग ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) आपल्या उन्हात टिकेल?

भोकाचं तोंड काउंटरसिंकने (तोंड उतरतं करणाऱ्या ड्रिल बिटने) थोडं रुंद करून सीलंट भरणार आहे. पण स्क्रू एकदाच पूर्ण आवळायचा की सीलंट धरल्यावर शेवटचा पीळ द्यायचा? नंतर स्क्रू फिरवला तर सील तुटेल असं वाटतं.

आणि या दमट हवेत भिजलेलं प्लायवूड सुकवायचं कसं? भोकात इपॉक्सी (घट्ट होणारं रेझिन) भरून पुन्हा ड्रिल केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.