आजार बरा होत नाही म्हणजे श्रद्धा कमी पडते, असं खरंच कुठल्या धर्मात सांगितलंय का?

अर्धवट_झोप (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आईला अकरा वर्षांपासून आमवात आहे, म्हणजे तो रुमॅटॉइडवाला, वयोमानाने होतो तो नाही. आमच्या ओळखीत सगळ्या धर्मांची माणसं आहेत आणि सगळे प्रेमाने काही ना काही करतात, एकीने महामृत्युंजय जप सुरू केला, एका मैत्रिणीच्या चर्चमध्ये तिच्या नावाने प्रार्थना झाली, एका काकांनी दम केलेलं, म्हणजे कुराणातलं वाचून फुंकर घातलेलं पाणी दिलं. आईने सगळं हात जोडून घेतलं. इथपर्यंत छानच.

पण परवा कुणीतरी तिला तोंडावर म्हणालं की एवढं सगळं करून गुण येत नाही म्हणजे तुमची श्रद्धाच कमी पडतेय. तेव्हापासून ती गप्प आहे. आणि काल मला कळलं की ती गोळ्या चुकवतेय, का तर गोळी घेणं म्हणजे अविश्वास दाखवणं असं तिच्या डोक्यात बसलंय. मी डोकं आपटून घ्यायची बाकी आहे. धर्म मानणारे आणि न मानणारे दोघांनीही सांगा, हे "श्रद्धा कमी" प्रकरण आलं कुठून? तिला वाद घालून नाही पटणार, तिच्याच भाषेतलं काही हवंय.

दूरचा_दिवा

ताई, आलं कुठून ते सांगायचं तर बायबलमध्ये येशू एका बाईला म्हणतो, तुझ्या विश्वासाने तुला बरं केलं. लोकांनी ते वाक्य उलटं फिरवलं, बरी झाली नाहीस म्हणजे विश्वास नव्हता. पण त्याच बायबलमध्ये जन्मांध माणसाची गोष्ट आहे, शिष्य विचारतात पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं, आणि येशू म्हणतो दोघांचंही नाही. हे मात्र कुणी सांगत नाही. आणि संत पौल! त्याच्या शरीरात कसलासा काटा होता (नेमका कुठला आजार यावर लोक अजून भांडतात), त्याने तीनदा विनवणी केली आणि उत्तर काय आलं तर "माझी कृपा तुला पुरे आहे". काटा तसाच राहिला. आता पौलाची श्रद्धा कमी होती म्हणायची कुणाची छाती आहे?

इस्लाममध्ये रुकया आहे, म्हणजे कुराणातल्या फातिहा, फलक, नास वगैरे सूरा वाचून फुंकर घालणं, पण हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, हेही आहे की अल्लाने असा रोगच पाठवला नाही ज्याचा इलाज पाठवला नाही, म्हणून उपचार घ्या. आणि आजारपणाने माणसाची पापं झाडाच्या पानांसारखी गळून पडतात असंही येतं, म्हणजे आजार हा कमी श्रद्धेचा दाखला नाहीच. ज्यूंच्या आजाऱ्यासाठीच्या प्रार्थनेत तर आत्म्याचं बरं होणं आणि देहाचं बरं होणं अशा दोन गोष्टी वेगवेगळ्या मागतात, मला ते फार आवडतं.

आता महामृत्युंजय. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातली ऋचा आहे. ती नीट वाचा, त्यात रोगाचं नावच नाही. काकडीसारखं पिकलेलं फळ देठापासून सुटतं तसा मृत्यूच्या बंधनातून सुटू दे, एवढंच मागणं. सांधे दुखायचे थांबव असं कुठे आहे? (खरं तर दोष आपल्याकडेही आहे, अमुक पाप केलं तर पुढच्या जन्मी अमुक रोग अशा याद्या जुन्या ग्रंथांत आहेत, तेव्हा फक्त दुसऱ्याकडे बोट दाखवायला नको.)

पण तुमच्या आईंना मी दुसरंच सांगेन. रामकृष्ण परमहंसांना घशाचा कॅन्सर झाला. शिष्य मागे लागले की कालीमातेला सांगा ना निदान दोन घास तरी गिळता येऊ देत. त्यांनी सांगितलं म्हणे, तर मातेने शिष्यांकडे बोट दाखवलं, एवढ्या तोंडांनी खातोस की. १८८६ मध्ये त्याच आजारात गेले. रमण महर्षी, हाताला सार्कोमा म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर, चार ऑपरेशनं झाली, १९५० साली गेले. गुरु हरकृष्ण, ज्यांच्याबद्दल शीख अरदासमध्ये, म्हणजे त्यांच्या रोजच्या प्रार्थनेत, म्हणतात की ज्यांच्या नुसत्या दर्शनाने सगळी दुःखं जातात, ते दिल्लीत आजाऱ्यांची सेवा करत होते आणि १६६४ मध्ये स्वतः देवीच्या साथीत गेले, वय जेमतेम आठ. आणि फ्रान्समधल्या लूर्दच्या झऱ्यावर आजही लाखो लोक बरं व्हायला जातात, तो १८५८ मध्ये जिला सापडला ती बर्नाडेट पस्तिसाव्या वर्षी क्षयाने गेली.

यातल्या कुणाला कोण म्हणणार, तुमची श्रद्धा कमी पडली?

शंकासुर

मी देव मानत नाही तरी वरचा प्रतिसाद आवडला, हे आधी नोंदवतो.

आता माझी बाजू. अमेरिकेत १८०२ बायपासच्या पेशंटवर प्रयोग झाला, निकाल २००६ मध्ये छापून आले. तीन गट केले. पहिल्या दोघांना सांगितलं की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही, त्यातल्या एकासाठी केली, एकासाठी नाही. गुंतागुंत झाली ५२ टक्के आणि ५१ टक्के, म्हणजे फरक जवळपास शून्य. गंमत तिसऱ्या गटाची, त्यांना ठामपणे सांगितलं होतं की प्रार्थना होतेय, त्यांच्यात ५९ टक्के! का ते कुणालाच नीट माहीत नाही, पण एक अंदाज असा की बाप रे, माझ्यासाठी माणसं बसवावी लागली म्हणजे मी किती सिरियस असेन या टेन्शनने. तुमच्या आईंवर नेमकं तेच ओझं आलंय असं मला वाटतं.

लूर्दचंही सांगतो. तिथे १८८३ पासून डॉक्टरांचं ऑफिस आहे, लोक बरे झाल्याचं सांगतात ते तपासायला. हजारो दावे आले आणि चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ते सत्तर-बाहत्तर. चर्चच एवढं चिकट आहे, आणि आपल्या ओळखीतली माणसं लगेच निकाल देऊन मोकळी.

मनापासून_३

शंकासुर तुमचे आकडे तुमच्यापाशी. माझ्या मावशीला हाच आजार होता, जप सुरू केला आणि महिन्यात मुठी वळायला लागल्या. डोळ्यांनी बघितलंय. सगळंच काही प्रयोगात मावत नाही.

शंकासुर

मुठी वळल्या हे मला मान्य आहे हो. पण हा आजार मुळात चढउताराचा, चार महिने वाईट मग दोन महिने बरे. माणूस जप सुरू करतो कधी, तर अगदी वाईट चाललेलं असतं तेव्हा, आणि त्यानंतर उतार येणारच असतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. मावशींच्या गोळ्या चालू होत्या का तेवढं सांगा.

मनापासून_३

चालू होत्या. जप आणि गोळ्या दोन्ही. बंद करा असं मी तरी कधीच म्हणणार नाही.

रात्रपाळी

मी नर्स आहे, धर्मातलं मला कळत नाही, तेव्हा कामाचं बोलते. आमवातात गोळ्या मध्येच सोडल्या की आजार उसळतो आणि त्यात सांधा एकदा झिजला, वाकडा झाला की नंतर गोळी परत सुरू केली तरी तो सरळ होत नाही. त्यात स्टेरॉइड असेल तर अचानक बंद करणं सरळ सरळ धोक्याचं. कुठल्या गोळ्या किती दिवस चुकल्यात ते लिहून काढा आणि आजच डॉक्टरांना फोन करा, स्वतःच्या मनाने डबल डोस देऊन भरून काढू नका, आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी असेल तर ते तर अजिबात नको.

आणि एक. वॉर्डात मी तीर्थ, अंगारा, तेल, ताईत, जपमाळ सगळं बघितलंय, त्याने पेशंट शांत झोपतो हेही बघितलंय. मला कधी अडचण वाटली नाही. मला राग येतो तो उशाशी उभं राहून आजाऱ्याचा हिशेब मांडणाऱ्यांचा. बुद्धाची एक गोष्ट आमच्या ट्रेनिंगमध्ये ऐकलेली, अतिसार झालेला भिक्खू घाणीत पडलेला आणि कुणी बघत नाही, बुद्धाने त्याला स्वतः धुतलं आणि बाकीच्यांना म्हणाले ज्याला माझी सेवा करायचीय त्याने आजाऱ्याची करावी. त्याची श्रद्धा किती ते नाही विचारलं.

अर्धवट_झोप

सगळ्यांना धन्यवाद, एकेकाला वेगळं लिहीत नाही. फोन झाला, चार डोस चुकलेत, परवाची वेळ मिळालीय.

दूरचा_दिवा, तुमचं शेवटचं तिला वाचून दाखवलं. रामकृष्णांचं ऐकून बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, त्यांनाही कुणीतरी हेच म्हणालं असेल नाही का गं. रात्री गोळ्यांचा डबा स्वतः मागून घेतला. जप चालू आहे, त्याला मी हात लावणार नाही.

शंकासुर, तुमचे आकडेही वाचून दाखवले. ती विचारतेय की त्या १८०२ लोकांसाठी प्रार्थना करणाऱ्यांना निदान पेशंटचं पूर्ण नाव तरी सांगितलं होतं का?

शंकासुर

नाही! पहिलं नाव आणि आडनावाचं फक्त आद्याक्षर. आईंना सांगा, हरकत नोंदवून घेतली आहे.